एकास अठरा प्रमाणातली अमेरिका

गेल्या शनिवारी सकाळी बाबांनी माझी चॅलेंजर उलटी केली.

खरी नव्हे हो. खरी उलटी करायला क्रेन लागेल, आणि क्रेन आमच्या गल्लीत शिरणार नाही. ही १९७० सालची डॉज चॅलेंजर एकास अठरा प्रमाणातली, म्हणजे साधारण साडेदहा इंच लांब, भडक जांभळ्या रंगाची. नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये जिथे आजीचं फडताळ होतं, तिथे मी काचेचं कपाट करून घेतलंय आणि त्यात अशा एकेचाळीस गाड्या आहेत. चार्जर, मस्टँग, कॅमॅरो, जीटीओ, सुपरबर्ड... सगळ्या १९६४ ते १९७४ ह्या दहा वर्षांतल्या, सगळ्या अमेरिकन, आणि डब्यावर छापल्याप्रमाणे सगळ्या 'लिमिटेड एडिशन'. आजी होती तेव्हा पाहुण्यांना सांगायची, "आमचा नातू कलेक्टर झालाय." पाहुणे अभिनंदन करायला माझ्याकडे वळले की ती कपाटाकडे बोट दाखवायची.

तर झालं असं, की गुरुवारी रात्री ऑफिसचा कॉल संपल्यावर सवयीने कपाट उघडलं आणि एका कॅमॅरोचं डावं दार मिटेना. नीट पाहिलं तर दाराच्या कडेला केसाएवढी रेघ, बॉनेटवर रंगाखाली बारीक फोड. गाडी बारा वर्षं जागची हललेली नाही, पडलेली नाही, पोराबाळांच्या हाती लागलेली नाही. म्हणून शनिवारी बाबांना हाक मारली. बाबा चौतीस वर्षं भोसरीत एका डायकास्टिंगच्या कारखान्यात होते, त्यातली शेवटची पंधरा टूलरूममध्ये. पण माझ्या कपाटाकडे ते कधी फिरकले नव्हते. "खेळणी" हा एकच शब्द ते त्याबद्दल वापरत, आणि तोही आईशी बोलताना.

त्यांनी कॅमॅरो पाहिली. काही बोलले नाहीत. मग शेजारची चॅलेंजर उचलली आणि उलटी केली. माझे मित्र गाडी हातात घेतात तेव्हा दार उघडतात, बॉनेट उघडतात, "भारी आहे रे" म्हणतात आणि किंमत विचारतात. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, गाडी ट्यूबलाइटखाली धरली आणि पोटावरून नख फिरवलं.

"ही पार्टिंग लाइन. घासलीय बरी. हे गोल ठसे इजेक्टर पिनांचे. किती नग काढलेत म्हणालास?"

"बाराशे पन्नास. खाली नंबर आहे बघा, आठशे सतरा."

"बाराशे पन्नास शॉटसाठी डाय कोण करतो रे? वेडी आहेत का माणसं?"

मी बारा-पंधरा वर्षं ह्या विषयावर वाचतोय, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. जस्ताचं मिश्रण ओतायच्या डायवर, नीट सांभाळली तर, दहा लाखांपर्यंत शॉट निघतात. अॅल्युमिनियम जास्त तापमानाला वितळतं, ते डायला भाजून काढतं, तरी लाखभर निघतात. म्हणजे बाराशे पन्नासला ही डाय धड रुळलेलीसुद्धा नसते. मग मी बाबांना सांगितलं की हीच चॅलेंजर केशरी रंगातही आहे, पिवळ्यातही आहे, काळ्या पट्ट्यांची आहे, बिनपट्ट्यांची आहे, टपाला विनाइल असलेली आहे, आणि प्रत्येकीच्या डब्यावर वेगळा आकडा आहे. बाबा हसले. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच कोडबेस आणि वीस कॉन्फिग फाइली, आणि दर फाइलीबरोबर एक सर्टिफिकेट.

पण मुळात हा जांभळा प्रकार नारायण पेठेत आलाच कसा? आणि खरी गाडी कधीच का आली नाही? त्यासाठी आधी कुर्ल्याला जावं लागेल.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत, शिवडीला, सुटे भाग आणून गाड्या जुळवायला सुरुवात केली. मागोमाग फोर्डही आली. म्हणजे अमेरिकन गाडी आपल्याकडे परकी नव्हती. उलट संस्थानिक, डॉक्टर, वकील, गिरणीमालक ह्यांच्या दारात शेव्हरोले नाहीतर फोर्ड असायची. पण इथे जुळवणं वेगळं आणि इथे बनवणं वेगळं. बनवायचं वेड घेतलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. जहाजं, विमानं, साखर हे सगळं करून झालेला किंवा करत असलेला हा माणूस. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या.

गंमत बघा. प्रीमियरच्या डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट ह्या आतून एकच होत्या, दोन्ही मुळात प्लिमथ. पुढची जाळी बदलली, नावाची पट्टी बदलली, झाली वेगळी गाडी. म्हणजे एका डायच्या वीस आवृत्त्या काढायची विद्या खेळणीवाल्यांनी शोधलेली नाही. ती डेट्रॉइटची जुनी विद्या, आणि ती कुर्ल्याला आपल्या लोकांनीही शिकून घेतली होती.

बाबांच्या लहानपणीची अमेरिकन गाडी म्हणजे लग्नाची गाडी. त्यांच्या आत्याच्या लग्नात भाड्याने आणलेली प्लिमथ, निशिगंधाच्या माळांनी मढवलेली, आणि आत कसलंतरी डिझेल इंजिन बसवलेलं. पेट्रोल परवडेना म्हणून त्या काळी बऱ्याच अमेरिकन गाड्यांचं असं हृदयपरिवर्तन झालं होतं. नवरानवरी बसली की गाडी टेम्पोसारखी थरथरायची, असं बाबा सांगतात.

नवी अमेरिकन गाडी मात्र तोवर बंद झाली होती. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं, नुसती जुळवाजुळव करणाऱ्यांनी नाही. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघींनीही गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण तिचा भर हळूहळू इटलीच्या फिएटकडे गेला. साठच्या दशकातली मुंबई-पुण्यातली फिएट म्हणजे १०८९ सीसी, आणि त्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं.

आणि नेमक्या ह्याच काळात तिकडे वेड लागलं होतं.

१९६४ मध्ये पॉन्टिअॅकने एक चावटपणा केला. जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. पॉन्टिअॅकच्या जॉन डिलोरियन वगैरे मंडळींनी ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून टेम्पेस्ट गाडीत देऊ केलं. नियम गाडीला होता, ऑप्शनला नव्हता. (ज्यांनी कधी चेंज रिक्वेस्टच्या नावाखाली अख्खं मॉड्यूल घुसवलंय, त्यांना हे समजेल.) तिचं नाव जीटीओ, आणि मसल कारचा इतिहास साधारणपणे तिच्यापासून मोजतात. मध्यम आकाराची, तरुणांना परवडणारी गाडी आणि तिच्यात न शोभेल एवढं इंजिन. पुढच्या सहा वर्षांत आकडे सुटतच गेले. १९७० पर्यंत क्रायस्लरचं ४२६ हेमी होतं: सात लिटर, कागदोपत्री ४२५ अश्वशक्ती. आपल्या फिएटची सहा इंजिनं एकत्र केली तरी आकाराने कमीच पडतील.

त्या क्रायस्लरचीच चॅलेंजर, चार्जर, रोडरनर. कुर्ल्याच्या कारखान्याला ज्यांनी डॉज आणि प्लिमथ शिकवल्या, तेच हे लोक. आपल्याकडे आली ती त्यांची पोक्त, कर्ती मोठी बहीण. धाकटी बिघडली तेव्हा दार बंद होतं.

हे सगळं चाललं जेमतेम दहा वर्षं. विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, हेमी १९७१ नंतर बंद, १९७३ च्या ऑक्टोबरात तेलाचा बहिष्कार, आणि १९७४ ला मूळ जीटीओसुद्धा गेली. आपल्याला त्यातलं काय दिसलं? सिनेमात थोडं. हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाची इम्पाला ही मसल कार नव्हे, ती बोट. खऱ्या मसल कार इंग्रजी सिनेमात होत्या: 'बुलिट' मधली मस्टँग आणि तिच्या मागे-पुढे धावणारी काळी चार्जर, 'व्हॅनिशिंग पॉइंट' मधली पांढरी चॅलेंजर. प्रत्यक्षात मात्र पुण्यात जन्मलेल्या माझ्या पिढीला ही गाडी कायम प्रतिकृतीच होती. मूळ न पाहता आम्ही नकलेच्या प्रेमात पडलो.

मी मूळ पाहिली ती २००६ मध्ये. ऑनसाइटला होतो, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये. तिथे आणि नोव्हायला निम्मी मराठी मंडळी वाहन उद्योगाच्याच कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टवर असतात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असतो, १९९५ पासून सुरू आहे. जुन्या गाड्यांचे मालक गाड्या घेऊन सावकाश फिरतात आणि लोक रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बघतात. आपल्या विसर्जनाला लक्ष्मी रोडला जशी माणसं बसतात, अगदी तसं. तिथे एक जांभळी चॅलेंजर सिग्नलला माझ्यासमोर थांबली. आवाज कानाला ऐकू येण्याआधी बरगड्यांना कळला. पेट्रोलचा न जळलेला वास. चालवणारे आजोबा सत्तरीचे असतील. त्याच संध्याकाळी मॉलमधून मी माझी पहिली एकास अठरा घेतली. तीच ही, नंबर आठशे सतरा.

आता 'लिमिटेड' ह्या शब्दाकडे येतो, कारण बाबांचा प्रश्न तिथेच होता.

खऱ्या गाड्यांतही मर्यादित नगांच्या गाड्या होत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. नॅसकारच्या शर्यतीत जी गाडी पळवायची ती दुकानात विकायला असली पाहिजे, असा नियम. १९६९ साली हा आकडा होता ५००. डॉजला वाऱ्याला कापणारं टोकदार नाक आणि मागे दोन फूट उंच पंख असलेली गाडी पळवायची होती, म्हणून त्यांनी तशा सुमारे ५०३ चार्जर डेटोना बनवल्या. पाचशेला तीन जास्त! गणपतीच्या वर्गणीचा हिशेबही इतका काटेकोर नसतो. दुसऱ्या वर्षी नियम बदलून दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी असा झाला, म्हणून प्लिमथला सुमारे १९२० सुपरबर्ड काढाव्या लागल्या. लोकांना तो पंख बघून हसू येई. गाड्या शोरूमबाहेर पडून राहिल्या, आणि काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख काढून त्या साध्या रोडरनर म्हणून विकल्या. आज त्यांच्या किमती लाखो डॉलरमध्ये जातात. १९६९ च्या कॅमॅरो झेडएल-वन तर सगळ्या मिळून ६९. पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन असल्याने इतकी महाग पडली की विक्रेत्यांनी काही परत पाठवल्या.

हे आकडे कुणी 'दुर्मिळ व्हावं' म्हणून ठरवले नव्हते. नियमामुळे झाले, हिशेब चुकल्याने झाले, गाडी खपली नाही म्हणून झाले. (सुपरबर्ड साडेअठरा फूट लांब आणि सव्वासहा फुटांहून रुंद. आमच्या गल्लीत दुतर्फा स्कूटर लावल्या की आठेक फूट उरतात. मी मोजलंय. आत येईल, पण दार उघडता येणार नाही.)

खेळण्यांचंही सुरुवातीला तसंच होतं. १९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा गाड्या काढल्या, त्यात कस्टम कॅमॅरो, कस्टम मस्टँग, कस्टम बॅराकुडा, कस्टम फायरबर्ड. खरी गाडी शोरूममध्ये असतानाच तिची छोटी बहीण दुकानात. पोरांनी त्या जिन्यावरून सोडल्या, मातीत पुरल्या, भिंतीवर आपटल्या. त्यातून वाचल्या त्या आज दुर्मिळ. पुढे हीच पोरं मोठी झाली, पगार आला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अर्टल कंपनीने 'अमेरिकन मसल' नावाची एकास अठराची मालिका त्यांच्यासाठी काढली. मग इतर आल्या. उघडणारं बॉनेट, इंजिनातल्या वायरी, कापडी सीटबेल्ट, आणि खाली नंबर. हॉट व्हील्सनेही १९९५ मध्ये 'ट्रेझर हंट' काढलं: बारा गाड्या, प्रत्येकी दहा हजार नग, असं आधीच जाहीर करून. म्हणजे पहिल्यांदा गाडी दुर्मिळ झाली आणि मग लोकांनी ती शोधली, हा क्रम उलटला. आता आधी दुर्मिळपणा छापायचा आणि मग गाडी ओतायची.

मी हे हिणवून म्हणत नाहीये. माझ्याकडे एकेचाळीस आहेत, मी कुठल्या तोंडाने हिणवणार? आणि बाबाही शेवटी म्हणाले की ओतकामात नसेल, पण जोडणीत पैसा आहे. एवढे सुटे भाग, हाताने बसवलेले, हाताने रंगवलेले. बाराशे पन्नास हा आकडा डायचा नाही, जोडणाऱ्या बायकांच्या बोटांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कारखान्यातही असेंब्लीला बायकाच होत्या.

ह्या उलट आपल्याकडची गोष्ट. साठच्या दशकाच्या अखेरीला ब्रिटनच्या डिंकी टॉइजच्या जुन्या डाय कलकत्त्याला आल्या आणि 'निकी टॉइज' नावाने तिथे गाड्या निघू लागल्या. पोटावरचं डिंकी हे नाव खोडलेलं, आणि ट्रायम्फ हेराल्डची झालेली स्टँडर्ड हेराल्ड, कारण आपल्या रस्त्यावर ती त्याच नावाने होती. म्हाताऱ्या डाय अशा देशोदेशी फिरत असत. मॅचबॉक्सच्या बल्गेरियात गेल्या, मॅटेलच्या मेक्सिको-ब्राझीलमध्ये. आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेलने मुंबईच्या ब्लो प्लास्टशी हात मिळवला. व्हीआयपी सुटकेसवाले ते, त्यांचं खेळण्यांचं नाव लिओ. त्या 'लिओ मॅटेल' हॉट व्हील्स तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांनी नक्की हाताळल्या असतील. आयात बंद, त्यामुळे आम्हाला मिळाल्या त्या ह्याच. रंग भलतेच, चित्रं थोडी सरकलेली.

आज त्याच 'लिओ' गाड्यांच्या मागे अमेरिकेतले आणि युरोपातले संग्राहक असतात, कारण तसे रंग जगात दुसरीकडे कुठे निघालेच नाहीत. कुणी मोजून काढल्या नव्हत्या, डब्यावर काही लिहिलं नव्हतं, आणि आम्ही पोरांनी त्या इमानेइतबारे मोडल्या. माझ्याही पाच-सहा होत्या. दिवाळीच्या किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या सिंहासनाखाली, मावळ्यांच्या शेजारी त्या उभ्या असायच्या, आणि किल्ला मोडताना मातीबरोबर गेल्या. एक मला २०१५ साली जुन्या बाजारात मिळाली, रविवारी, नळाच्या तोट्या आणि गंजलेल्या पान्यांच्या ढिगात. रंग उडालेला, एक चाक वाकडं, पोटावर 'इंडिया'. पन्नास रुपये. एकेचाळीस लिमिटेडांच्या कपाटात ही बेचाळिसावी मोजत नाही, खालच्या कोपऱ्यात ठेवलीय.

काका केळकरांची आठवण येते. बाजीराव रोडचं राजा केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि नंतर सहसा कुणी जात नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्री, गंजिफा असल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रह उभा केला. त्यातला एकही अडकित्ता संग्रहात ठेवण्यासाठी बनलेला नव्हता. सुपारी कातरून कातरून त्याच्या मुठी गुळगुळीत झाल्यात. माझ्या चॅलेंजरचं स्टिअरिंग मात्र खरोखर फिरतं आणि पुढची चाकं वळतात. वीस वर्षांत मी ते चारदा फिरवलं असेल.

तर, कॅमॅरो.

बाबांनी निदान करायला दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. "शिसं गेलंय रसात," ते म्हणाले. डायकास्टचं जस्त म्हणजे बहुतेक झामॅक: जस्त, चार टक्के अॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, कधी तांबं. १९२० च्या दशकात अमेरिकेत अतिशुद्ध जस्त मिळू लागलं तेव्हाच हे मिश्रण भरवशाचं झालं. त्याआधीच्या आणि त्या सुमाराच्या खेळण्यांतल्या कितीतरी, युद्धापूर्वीच्या डिंकीसुद्धा, कपाटात बसल्या बसल्या भुगा झाल्या. कारण शिसं. दहा किलो रसात अर्ध्या ग्रॅमहून जास्त शिसं चालत नाही. तेवढं जास्त झालं की धातूच्या कणांच्या सांध्यासांध्यांतून गंज आत शिरतो, धातू फुगतो, वाकतो, तडकतो. वरचा रंग शाबूत आणि आतून पोखरलेलं. दमट हवेत हे वेगाने होतं, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टबद्दल मी काय सांगू.

"पण ही काही युद्धाच्या आधीची नाही," मी म्हणालो. "२०१२ ची आहे."

"भंगार टाकलं असणार. आमच्याकडेही एकदा झालं होतं. एक पाळी कुणीतरी रनरबरोबर दुसरंच काही भट्टीत टाकलं, कळलं सात महिन्यांनी. अख्खी लॉट परत." ते थोडं थांबले. "माझीच पाळी होती."

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं, कारण ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली.

उपाय काय विचारलं तर म्हणाले, नाही. चिकटवता येत नाही, थांबवता येत नाही, कोरड्या आणि थंड जागी ठेवलं तर लांबतं. कॅमॅरोचा डबा मी काढला. सर्टिफिकेट ठणठणीत होतं, जाड कागद, सोनेरी कडा, सही. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्याकडे तिच्या गाड्या आहेत त्यांनी दारांच्या कडा बघाव्यात एवढंच.

आता अडचण अशी की माझ्याकडे सहा डबे न उघडलेले आहेत. त्यातले दोन त्याच कंपनीचे, त्याच वर्षाच्या आसपासचे. संग्राहकांच्या जगात सील न तोडलेला डबा म्हणजे वेगळीच गोष्ट. सील गेलं की किंमत धाडकन खाली. शिवाय आता नवी मागवणं सोपं राहिलेलं नाही. २००१ मध्ये आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले तेव्हा वाटलं होतं झालं, आता सगळं मिळणार. पण खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, आणि २०२१ पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा. कायदा चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे, पण चाळिशीतल्या माणसाच्या पार्सलात लहान गाडी निघाली की ती कुणाची हे ठरवायचं कुणी?

खऱ्या अमेरिकन गाड्या दरम्यान पुण्याच्या दोन्ही अंगांना येऊन गेल्या, हेही सांगून टाकतो. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना काढला. कॅमॅरोच्या नाकावर असतो तोच शेव्हरोलेचा सोनेरी बो-टाय लावून तिथून स्पार्क आणि बीट निघाल्या. माझ्या मेव्हण्याची बीट होती, चांगली गाडी. २०१७ अखेर त्यांनी भारतातली विक्री थांबवली आणि २०२० च्या डिसेंबरात उत्पादनही. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग अधिकृतपणे आणली, ६५ लाखांना, आणि २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. रांजणगावला २०१७ पासून जीप बनते, तो क्रायस्लरचाच नातेवाईक म्हणायचा. म्हणजे कुर्ल्यानंतर सत्तर वर्षांनी ते घराणं पुन्हा पुण्याच्या वेशीवर आलं, पण चॅलेंजर काही आली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबा पुन्हा कपाटापाशी आले. हातात काहीतरी होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. उघडलं तर स्कूटरच्या कार्ब्युरेटरची बॉडी, मशीनिंग न केलेली, रनर आणि गेटसकट, कडेला फ्लॅशची पापुद्र्यासारखी झालर. त्यांनी केलेल्या पहिल्या डायचा पहिला शॉट. १९८१. चाळीसहून अधिक वर्षं त्यांच्या कपाटात होता आणि मला पत्ता नव्हता.

"हिला काही झालेलं नाही बघ," ते म्हणाले, "रस चांगला होता."

मी ती चॅलेंजरशेजारी ठेवायला लागलो तर त्यांनी हात धरला. कॅमॅरोजवळ नको, म्हणाले. हा रोग एकीचा दुसरीला लागत नाही हे त्यांनीच सकाळी सांगितलं होतं, पण मी वाद घातला नाही. खालच्या कोपऱ्यात, लिओच्या गाडीशेजारी ठेवली.

मग त्यांनी वरच्या फळीवरचे ते सहा डबे मोजले. त्या कंपनीचे दोन कुठले, ते विचारलं. मी दाखवले.

"आत काय आहे?"

"एक सुपरबर्ड. एक डेटोना."

"आहे की नाही हे तुला माहीत नाही," बाबा म्हणाले. "सुरी आण."

सुपरबर्डचं सील पहिलं तोडलं. थर्मोकोलचे दोन भाग वेगळे झाले तेव्हा नव्या रंगाचा वास आला, बारा वर्षं कोंडलेला. पंख शाबूत. नाक शाबूत. बाबांनी वरून पाहिलीच नाही, उलटी केली, ट्यूबलाइटखाली धरली, आणि बराच वेळ नख फिरवत राहिले.

"उजवीकडची फट जास्त आहे," शेवटी म्हणाले. "कोअर सरकलाय. पण धातू बरा आहे. दुसरी काढ."